हसू थांबतं तिथे : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

‘मॅश’ या जुन्या अमेरिकी विनोदी मालिकेचा ‘ड्रीम्स’ हा भाग सांगलीत एका हौशी मंडळाने दाखवला. त्यानंतर या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्मी त्याच एका भागाबद्दल आहेत. कुणी भारावलंय, कुणी चिडलंय, कुणाला त्यातून एकांकिका सुचलीय. मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात : कोरियन युद्धात (१९५० ते १९५३) आघाडीच्या मागे तंबूत चालणारं अमेरिकी लष्कराचं शस्त्रक्रिया रुग्णालय, क्रमांक ४०७७. तिथले डॉक्टर, नर्स, पाद्री, कारकून यांच्या गोष्टी. सप्टेंबर १९७२ ते फेब्रुवारी १९८३ अशी ती सीबीएस वाहिनीवर चालली. तीन वर्षांचं युद्ध मालिकेला अकरा वर्षं पुरलं. ‘ड्रीम्स’ १८ फेब्रुवारी १९८० रोजी दाखवला गेला; त्यात दोन दिवस न झोपलेल्या याच माणसांना डुलकीत पडणारी स्वप्नं आहेत.

प्रश्न : आम्ही ओळीने तीन विनोदी भाग लावले आणि चौथा ‘ड्रीम्स’. पहिल्या तिन्हींना हॉल दणाणून गेला. चौथ्याला चिडीचूप. संपल्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “फसवलंत आम्हाला.” आमचं चुकलं कुठं?
— मंडळाचे कार्यकर्ते, विश्रामबाग, सांगली

उत्तर : भागाची निवड चुकली नाही, वाढण्याचा क्रम चुकला. पहिले तीन भाग तुम्ही हसण्याच्या ध्वनिपट्टीसह दाखवलेत. म्हणजे सव्वा तास प्रेक्षकाच्या कानाला सवय लावलीत, की संवाद संपला की पडद्यामागून हशा येणार आणि त्यात आपलाही मिसळायचा. ‘ड्रीम्स’मध्ये ती पट्टी मुळातच नाही. पहिली काही मिनिटं लोक हसायची जागा शोधत बसतात. मग वाटायला लागतं, की विनोद आपल्यालाच कळला नाही. आणि आपल्याला कळलं नाही असं चारचौघांत वाटलं, की माणूस चिडतो. ‘फसवलंत’ हा शब्द त्या सभासदांनी अगदी नेमका वापरला आहे, तो लिहून ठेवा.

आपला प्रेक्षक असं वळण घ्यायला कच्चा आहे, असं मात्र समजू नका. तमाशात बतावणीला पोट धरून हसलेला माणूस वगात डोळे पुसतो. कारण आता खेळ बदलला हे त्याला ठाऊक असतं. गण, गौळण, बतावणी, मग वग ही पायरी त्याच्या अंगवळणी पडलेली असते. ‘एकच प्याला’त आर्य मदिरा मंडळाला हसणारेच सिंधूसाठी रडतात, कारण गडकऱ्यांनी दोन्ही धागे सुरुवातीपासून एकत्र विणलेत. तुमच्या कार्यक्रमात वग सुरू झाल्याचं कुणी सांगितलंच नाही.

पुढच्या वेळी चार नव्हे, तीनच भाग लावा. प्रत्येक भाग साधारण पंचवीस मिनिटांचा. पहिला नेहमीचा विनोदी, पण ज्यात ऑपरेशन थिएटरमधला एक तरी प्रसंग आहे असा. तिथे हशा बंद होतो आणि कान तयार होतो. दुसरा ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ (२० नोव्हेंबर १९७८). त्यात कॅमेरा म्हणजे गळ्याला जखम झालेल्या, बोलू न शकणाऱ्या सैनिकाचे डोळे. सगळी पात्रं थेट आपल्याकडे बघून बोलतात आणि आपल्याला उत्तर देता येत नाही. प्रयोग आहे, पण मवाळ आहे. मग पाच मिनिटं थांबा, चहा नको, फक्त पाय मोकळे करू द्या. मग ‘ड्रीम्स’. आधी दोनच वाक्यं सांगा : “यात हशा नाही. दोन दिवस न झोपलेल्या माणसांची स्वप्नं आहेत.” अर्थ सांगायला जाल तर तो भाग वर्गात शिकवल्यासारखा होईल.

आता यंत्राच्या बाजूच्या चुका. तुमच्या पत्रात “माणसं जरा जाडी दिसत होती” असं ओझरतं आलंय. मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी, चारास तीन या प्रमाणात चित्रित झालीय. प्रोजेक्टर सोळास नऊवर ठेवलात, तर चित्र आडवं ताणलं जातं आणि चेहरे फुगतात. विनोदी भागात खपून जातं. ‘ड्रीम्स’मधली रक्ताने माखलेली नवरी फुगलेल्या चेहऱ्याची दिसली, की नको तिथे कुणीतरी फिस्सकन हसतं. प्रोजेक्टरच्या मेनूत ‘अ‍ॅस्पेक्ट’ शोधून चारास तीन करा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या.

आवाज : ध्वनी एकपदरी (मोनो) आहे, त्यामुळे हॉलच्या मागच्या कोपऱ्यातले स्पीकर बंद करून पडद्याजवळचेच चालू ठेवा. पात्र समोर आणि आवाज पाठीमागून असं झालं की स्वप्नाचा धागा तुटतो. ‘ड्रीम्स’ बराचसा शांत आहे. छताचे पंखे पूर्ण वेगात असले तर ही शांतता त्यांच्या घरघरीत बुडून जाते. भाग सुरू होताना पंखे दोनवर आणा आणि शेवटच्या रांगेत बसून आवाज एकदा ऐका. ‘पुढचा भाग आपोआप’ ही सोय बंद ठेवा. भाग संपल्यावर वीस-तीस सेकंद दिवे लावू नका. माइक हातात घेऊन “कसं वाटलं?” असं लगेच विचारणं हे त्या संध्याकाळचं सगळ्यात मोठं पाप. लोकांच्या तोंडून पहिला शब्द आपोआप यायला तेवढा वेळ लागतो.

आणि एक : घरी पाहण्यासाठी घेतलेली डीव्हीडी किंवा ओटीटीचं खातं म्हणजे जाहीर प्रदर्शनाची परवानगी नव्हे. ती हक्कधारकाकडून लेखी घ्यावी लागते, तिकीट असो वा नसो.

प्रश्न : सगळी स्वप्नं इतकी भयाण का आहेत? त्यांचा काही अर्थ लावता येतो, की लेखकाला सुचेल ते दाखवलंय?
— विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : एकेक स्वप्न सुट्टं काढून बघा. मुख्य नर्स मार्गारेटच्या स्वप्नात ती पांढऱ्या पोशाखात नवरी आहे, पितळी पलंग आहे, सोबत नवरा आहे. सैनिक चालत येतात, नवरा त्यांच्यात मिसळून निघून जातो आणि तिच्याभोवती उरतात जखमी माणसं आणि रक्त. पाद्री फादर मल्केही भव्य चर्चमध्ये मोठा धर्मगुरू झालेला. समोरच्या बायबलवर थेंब पडतो, वर बघतो तर क्रुसावर जखमी सैनिक. सर्जन बी. जे. बायकोबरोबर नाचतोय आणि नाचता नाचता ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन पोचतो. दुसरा सर्जन चार्ल्स जादूगार आहे. त्याच्या सगळ्या करामती संपतात, पण समोरचा रुग्ण काही वाचत नाही. कारकून क्लिंगर टोलेडोला, आपल्या गावी, पोचलेला असतो. रुग्णालयाचा प्रमुख कर्नल पॉटर लहानपणच्या घरापाशी, घोड्यावर; आई हाक मारते.

बहुतेक स्वप्नांची सुरुवात भीतीने नाही, इच्छेने होते. लग्न, बायको, गाव, आईची हाक, देवाघरचा मान. माणसाला जे हवं ते आधी त्याच्या हातात दिलं जातं आणि मग त्याचं कामच तिथे येऊन ते हिसकावून घेतं. म्हणजे रचना विनोदाचीच आहे. विनोदातही आधी एक सरळ गोष्ट मांडतात, ऐकणाऱ्याला एका दिशेने नेतात आणि शेवटच्या क्षणी दिशा बदलतात. इथेही तेच तीन टप्पे, तेवढेच लांब. फक्त दिशा बदलल्यावर जिथे हसू यायचं तिथे जखम येते. अनेकांना हा भाग “विनोदी मालिकेत कुठून आला” असं वाटतं. आमचं मत उलटं आहे. विनोद बेतण्यात हात मुरल्याशिवाय असा भाग लिहिता येत नाही. पटकथा आणि दिग्दर्शन अ‍ॅलन आल्डाचं, म्हणजे मालिकेतल्या मुख्य विनोदवीराचं, हा योगायोग नाही. (कथेत जेम्स जे रुबिनफायर त्याच्यासोबत आहे. या भागाला ह्युमॅनिटास पारितोषिक मिळालं.)

आल्डाने सगळ्यात कठोर स्वप्न स्वतःच्या पात्राला दिलंय. सर्जन हॉकआय वर्गात बसलाय. तुटलेला अवयव परत कसा जोडायचा, असं प्राध्यापक विचारतात. त्याला येत नाही. मग त्याचाच हात काढून घेतला जातो, पुतळ्याचा काढावा तसा, अगदी शांतपणे. नंतर दुसराही. पुढे तो होडीत आहे, भोवती पाण्यावर हातपाय तरंगतायत, आणि समोर जखमी मूल आलंय तेव्हा त्याला हातच नाहीत. परीक्षेत उत्तर न येण्याचं स्वप्न तुम्हालाही पडत असेलच. ते इथे सर्जनच्या हातापर्यंत नेलंय. यापेक्षा जास्त अर्थ लावायला जाऊ नका. शेवटी सगळे कॉफीचे कप घेऊन बसतात आणि झोपायला कुणी तयार होत नाही.

प्रश्न : हसण्याचा तो आवाज कुणाचा? खऱ्या प्रेक्षकांचा का?
— वाई

उत्तर : नाही. ‘मॅश’ प्रेक्षकांसमोर चित्रित होत नव्हती. हशा आधी ध्वनिमुद्रित केलेला आणि नंतर जोडलेला. अमेरिकेत चार्ल्स डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने त्यासाठी खास पेटी बनवली होती; तिच्या कळा दाबून खुदखुदण्यापासून गडगडाटापर्यंत हवा तो हशा काढता येई. मालिकेचा कर्ता लॅरी गेलबार्ट या हशावर कायम नाराज होता, वाहिनी मात्र त्याशिवाय विनोदी मालिका दाखवायला तयार नव्हती. तडजोड अशी झाली, की ऑपरेशन थिएटरमध्ये हशा नाही. पुढे ‘द इंटरव्ह्यू’, ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’, ‘ड्रीम्स’ असे काही भाग पूर्णपणे हशाविना निघाले. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हशाविनाच दाखवली. डीव्हीडीच्या संचातही ध्वनीच्या पर्यायांत हशाविना पट्टी मिळते. एकच भाग दोन्ही पट्ट्यांवर पाच-पाच मिनिटं पाहा. हशा काढला की तीच माणसं जास्त दमलेली दिसतात.

प्रश्न : अमेरिकेतल्या प्रेक्षकांनीही असाच राग काढला होता का?
— तासगाव

उत्तर : ‘ड्रीम्स’वरून आजही दोन तट आहेत. मालिकेतला सर्वोत्तम भाग म्हणणारेही भेटतात आणि एवढाच एक भाग वगळून पुढे जाणारेही. मधले फारसे भेटत नाहीत.

पण पत्रांचा खरा पाऊस पडला तो त्याच्या पाच वर्षं आधी, १८ मार्च १९७५ च्या ‘अ‍ॅबिसिनिया, हेन्री’ या भागानंतर. रुग्णालयाचा तेव्हाचा प्रमुख लेफ्टनंट कर्नल हेन्री ब्लेक याची लष्करी सेवेतून सुटका होते, तो घरी निघतो, सगळे त्याला हसत-खेळत निरोप देतात. शेवटच्या मिनिटाला रेडार हा तेव्हाचा कारकून ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन कागद वाचतो : हेन्रीचं विमान समुद्रात पाडलं गेलं, कुणीही वाचलेलं नाही. तोवर विनोदी मालिकेतलं लाडकं पात्र असं मारायची रीत नव्हती. प्रेक्षकांनी संतापून पत्रं लिहिली, आणि गेलबार्ट व निर्माता जीन रेनॉल्ड्स यांनी त्यातल्या बऱ्याच पत्रांना स्वतः उत्तरं दिली.

आपल्या विषयाशी संबंध असलेली गोष्ट त्या प्रसंगाच्या चित्रणात आहे. संहितेचं शेवटचं पान कलाकारांपासून लपवून ठेवलं होतं आणि चित्रणाच्या जरा आधी वाचायला दिलं. दुसऱ्यांदा चित्रण करताना कुणाच्या तरी हातून एक उपकरण खाली पडलं. रेडारचं वाक्य संपल्यावरच्या शांततेत तो धातूचा आवाज ऐकू येतो. तो ठरवलेला नव्हता, पण काढून टाकला नाही. हसण्याची पट्टी जिथे असायची त्या जागी तो एक खणखणाट आहे.

इथे एक फरक लक्षात घ्या. हेन्रीच्या मृत्यूवर चिडलेल्यांना सगळं स्वच्छ कळलं होतं. कळलं म्हणूनच ते चिडले. ‘ड्रीम्स’वर चिडणाऱ्यांत दोन प्रकार असतात : काय चाललंय ते न कळलेले आणि कळून नको वाटलेले. दोघांची उत्तरं वेगळी द्यावी लागतात.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत. युद्धावर हसणं वडीलधाऱ्यांना पटत नाही. गावच्या वाचनालयात असं काही दाखवावं का, की विषयच सोडावा?
— सातारा तालुका

उत्तर : सातारा जिल्ह्यात हा प्रश्न वरवरचा नाही. अपशिंगे (मिलिटरी) सारख्या गावात पडद्यावरची जखम बघणाऱ्यांत ती अंगावर घेतलेला माणूस बसलेला असू शकतो. म्हणून विषय सोडू नका, पण तयारी करा.

आधी वडीलधाऱ्यांना एवढं सांगा, की या मालिकेत जवानाच्या मरणावर विनोद नाही. विनोद आहे तो कागदपत्रांवर, मेसच्या जेवणावर, साहेबांच्या हट्टावर, थंडीवर आणि कंटाळ्यावर. सुट्टीवर आलेला माणूस घरी ज्या गोष्टी सांगून हसवतो त्याच या. तो जे सांगत नाही ते ‘ड्रीम्स’मध्ये आहे.

दुसरं, भारतीय धागा दाखवा. कोरियात भारताने लढणारं सैन्य पाठवलं नाही, पण ६० पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये तिथे पोचली. प्रमुख लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज, त्यांना पुढे महावीर चक्र मिळालं. डिसेंबरात प्योंगयांगहून माघार घ्यायची वेळ आली तेव्हा शस्त्रक्रियेचं सामान न्यायला गाड्या नव्हत्या. तुकडीला एक सोडून दिलेलं वाफेचं इंजिन सापडलं. जवानांनी साखळी करून बादल्यांनी त्यात पाणी भरलं, इंजिनाची माहिती असलेल्यांनी ते चालू केलं आणि पूल उडवला जाण्यापूर्वी सामानासकट गाडी पलीकडे नेली. मार्च १९५१ मध्ये मुनसान-नी इथे याच तुकडीतल्या लोकांनी अमेरिकी सैनिकांबरोबर विमानातून हवाई छत्रीने उड्या टाकल्या. युद्धविरामानंतर, १९५३-५४ मध्ये, मायदेशी परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांवर देखरेख करायला भारतीय कस्टोडियन फोर्स गेला, त्याचे प्रमुख मेजर जनरल शं. पां. पाटील-थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे. हे दहा मिनिटांत सांगा. परक्या तंबूतली गोष्ट मग तेवढी परकी राहत नाही.

दाखवण्याचे नियम असे ठेवा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी किंवा गावच्या शहीद स्मारकाचा दिवस टाळा. त्या दिवशी लोक वेगळ्या मनाने आलेले असतात. बारा वर्षांखालची मुलं नकोत. निमंत्रणातच स्पष्ट लिहा : “रक्त आणि तुटलेले अवयव दिसतात.” ‘काही दृश्यं विचलित करू शकतात’ असं गुळमुळीत लिहिलं तर कुणी वाचत नाही, आणि ज्याचा पाय सुरुंगाने गेलाय त्याला ते पुरतही नाही. दाराजवळच्या दोन रांगा रिकाम्या ठेवा आणि दाराचा बोळ मोकळा, म्हणजे मध्येच उठणाऱ्याला कुणाचे गुडघे ओलांडावे लागणार नाहीत. उठून गेलेल्याच्या मागे लगेच कुणी धावू नये. ओळखीच्या एकाच माणसाने पाचेक मिनिटांनी बाहेर जाऊन पाण्याचा तांब्या पुढे करावा.

प्रश्न : प्रतिक्रिया गोळा करायची नेमकी पद्धत काय? आम्ही वही फिरवतो, सगळे “छान उपक्रम” लिहितात.
— इस्लामपूर

उत्तर : वही बंद करा. वहीत पुढचा माणूस मागच्याचं वाचून लिहितो. पहिल्याने ‘छान’ लिहिलं की साठ जण ‘छान’.

अर्ध्या पानाच्या चिठ्ठ्या करा, खुर्च्या असतील तितक्या, आणि त्या आधीच खुर्चीवर ठेवा. नाव विचारू नका. तीनच प्रश्न : हसू कुठे थांबलं? कुठलं स्वप्न आत्ता आठवतंय? उठून जावंसं वाटलं का, कुठल्या ठिकाणी? ‘आवडलं का’ हा प्रश्न नकोच. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर येतं, आणि सांगलीकर माणूस यजमानाच्या तोंडावर नाही म्हणत नाही.

दुसरा हप्ता दोन दिवसांनी, मोबाइलवर, एकाच प्रश्नाचा : “अजून काय डोक्यात आहे?” आमच्या मते खरी प्रतिक्रिया हीच. हॉलमध्ये “बकवास” लिहिलेला माणूस दोन दिवसांनी होडी आणि तरंगणारे हात सविस्तर लिहितो, असं या भागाबाबत हमखास होतं. त्यासाठी दोन्ही चिठ्ठ्या जुळवता आल्या पाहिजेत. नावाऐवजी चिठ्ठीवर खुर्चीचा आकडा टाका आणि तोच मोबाइलवर लिहायला सांगा.

एक कार्यकर्ता सगळ्यात मागे घड्याळ आणि कागद घेऊन उभा करा. त्याने पडद्याकडे बघायचंच नाही. मोबाइलचा उजेड कुठल्या मिनिटाला पेटला, खोकला कधी वाढला, खुर्च्या कधी करकरल्या, एवढंच टिपायचं. शेवटी हे मिनिट भागातल्या स्वप्नांशी ताडून बघा. खोकला आणि मोबाइल म्हणजे कंटाळाच असं नाही. नको असलेलं समोर आलं की माणूस खिसा चाचपतो. कंटाळ्याचा उजेड तुरळक आणि कुठेही पेटतो, अस्वस्थतेचा एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी.

चिठ्ठ्यांचे चार गठ्ठे करा : कळलं नाही; कळलं, पण नको होतं; हादरलो; कंटाळलो. पहिला गठ्ठा मोठा आला तर सांगण्यात किंवा सबटायटलमध्ये चूक. दुसरा मोठा आला तर चूक काहीच नाही.

प्रश्न : मराठी सबटायटल आम्हीच केली, लोक म्हणाले वाचता वाचता चित्र निसटलं.
— कऱ्हाड

उत्तर : एका वेळी दोनच ओळी, ओळीत साधारण ३५ ते ४० अक्षरं, आणि कमीत कमी दीड सेकंद ठेवा, लांब वाक्याला सहा सेकंदांपर्यंत. शब्दशः सगळं उतरवू नका. इंग्रजीतली कोटी मराठीत येत नसेल तर सोडून द्या, कंसात समजावू नका. ‘ड्रीम्स’मध्ये संवाद कमी आहेत, त्यामुळे तिथे हात आखडता घ्या : गाण्याचे, प्रार्थनेचे, मागून येणाऱ्या गलक्याचे शब्द देऊच नका. पांढऱ्या अक्षरांना काळी कड हवी, नाहीतर नवरीच्या पांढऱ्या पोशाखावर ओळ दिसणारच नाही.

प्रश्न : या भागावरून सुचून रुग्णालयातल्या नर्सच्या स्वप्नाची एकांकिका बसवतोय. नवरी होते आणि तिच्या साडीवर रक्त उमटतं, असा प्रसंग आहे. नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, ते कसं करायचं? आणि लोकांनी विनोदी म्हणून सुरू झालेली एकांकिका ऐकून कशी घ्यावी?
— हौशी नाट्यसंस्था, सांगली

उत्तर : प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं आधी. मूळ भागात पंचवीस मिनिटांत सात स्वप्नं आहेत, म्हणजे एकेकाला चार मिनिटंसुद्धा नाहीत. पडद्यावर एका कापाने स्वप्न सुरू होतं. रंगमंचावर दिवे, नेपथ्य, पोशाख बदलायला वेळ जातो. दोन स्वप्नं ठेवा, फार तर तीन. प्रत्येकात शिरण्याची खूण एकच असू द्या. उदाहरणार्थ, पात्र स्टुलावर बसतं आणि सलाइनच्या थेंबांचा आवाज सुरू होतो. पहिल्या स्वप्नाच्या आधी ही खूण एकदा विनोदासाठी वापरून घ्या : नर्स डुलकी घेते, कुणीतरी तिला दचकवून उठवतं, हशा. दुसऱ्यांदा तीच खूण आली की प्रेक्षक हसायला तयार होऊन बसतो, आणि तुमचं काम तिथून सुरू होतं. स्वप्नाची सुरुवात सुंदरच ठेवा. पहिल्या क्षणापासून निळा उजेड आणि भेसूर संगीत लावलंत तर हिसकावून घ्यायला काही उरत नाही.

आता साडी. मूळ भागातला पांढरा पोशाख तसाच उचलू नका. आपल्या प्रेक्षकाला पांढऱ्या साडीत नवरी दिसत नाही, विधवा दिसते. आपली नवरी पिवळ्या अष्टपुत्रीत. आणि पिवळं म्हटलं की सांगलीत उत्तर बाजारपेठेत पडलेलं आहे : हळद. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. कुंकू असंच बनतं. म्हणून रंगमंचावर लाल द्रव आणायचीच गरज नाही.

पांढरी सुती साडी घ्या. पॉलिस्टर मिसळलेली नको, हळद धरत नाही. नवी असेल तर आधी धुऊन खळ काढा आणि साबणाचा अंश जाईपर्यंत साध्या पाण्यात तीनदा खळबळा. साबण राहिला तर साडी रंगवतानाच जागोजागी तांबडी होते. बहुतेकांचं पहिल्यांदा इथेच बिघडतं. अर्धा-पाऊण किलो वजनाच्या साडीला ५० ग्रॅम हळद, दहा लिटर पाणी. हळद पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, फडक्यातून गाळा (न गाळल्यास कणांचे ठिपके उमटतात), ओली साडी त्यात अर्धा तास बुडवून मधून मधून हलवा. पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात हळद उडते.

प्रयोगाच्या वेळी एक कप पाण्यात एक चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. खायचा सोडा चालत नाही. त्याचा क्षार सौम्य, त्याने नुसता नारिंगी डाग पडतो. या पाण्यात भिजवलेला स्पंज विंगेत किंवा पलंगाच्या कडेला लपवा. अभिनेत्रीने तळवे त्यावर दाबायचे आणि स्वतःच्या साडीवरून, मांडीपासून पोटाकडे, सावकाश फिरवायचे. हात कोरे दिसतात, आणि जिथे स्पर्श होतो तिथे बोटांचे तांबडे ठसे उमटत जातात. नवरीचे स्वतःचे हात, तिचीच हळद. बाहेरून कुणी रक्त आणलेलं नाही. रंग ताज्या रक्ताचा लालभडक नसतो, सुकत चाललेल्या रक्ताचा विटकरी असतो. आमच्या मते तो जास्त खरा दिसतो.

या वेळी प्रकाश साधा पांढरा हवा. पिवळसर फिल्टर टाकला तर हळद आणि ठसा यांतला फरक बुजतो, लाल टाकला तर दोन्ही गडप. प्रकाशयोजनाकाराला भीतीसाठी लाल हवाच असेल, तर मागच्या पडद्यावर टाकू द्या, साडीवर नाही.

सोड्याचं पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नका; प्रसंगात चेहरा झाकायचा मोह होतो, तो तालमीतच मोडा. हाताला चिरा किंवा इसब असलेल्या मुलीकडून करवू नका. विंगेत साध्या पाण्याची बादली ठेवा आणि प्रसंग संपताच हात धुवायला लावा.

रक्त वाहतं दाखवायचंच असेल, तर पाऊण कप लिक्विड ग्लुकोज, पाव कप पाणी, दोन चमचे खायचा लाल रंग, अर्धा चमचा कोको पावडर. कोको नसेल तर दिव्यांखाली ते सरबत दिसतं. पण हे मिश्रण फरशीवर सांडलं की घसरतं, आणि स्पर्धेत पुढच्या संघाला रंगमंच पुसून द्यायला तुम्हाला पाच मिनिटंही मिळत नाहीत. हळदीच्या युक्तीत पुसायला काही नाही.

दुसऱ्या प्रयोगासाठी साडी परत पिवळी करायची तर बादलीभर पाण्यात चार लिंबांचा रस किंवा अर्धा कप व्हिनेगर घालून त्यात बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. ठसे मिटतात. चार-पाच प्रयोगांनंतर पिवळा फिका पडेल, तेव्हा पुन्हा हळदीत घाला. आणि कपडेपटात साडीवर चिठ्ठी टाचून ठेवा : साबण लावू नये. नाहीतर कुणीतरी कर्तव्यबुद्धीने ती धुवायला नेईल आणि प्रयोगाच्या सकाळी तुमची नवरी पडदा उघडण्यापूर्वीच लाल झालेली असेल.